धागा: पाणी साचणाऱ्या वाफ्यात भाजीचं बी कसं तयार करून टाकायचं? (कारली, काकडी, भेंडी, चवळी)

परड्यातली_माती
नमस्कार मंडळी. मी रोह्याच्या बाजूला राहते, घरामागे दोनेक गुंठ्यांचं परडं आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला भाताचं खाचर. जून लागला की वरचं सगळं पाणी परड्यात उतरतं, दोन-तीन दिवस पावसाने झड धरली की वाफ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. मांडवावर वेल चढवायचे तर बी याच दिवसांत टाकायला लागतं, उघडिपीची वाट बघत बसलं तर श्रावणात भाजी मिळत नाही. पण टाकलेलं बी रुजायच्या आतच कुजतंय. परवा कारल्याचं बी उकरून फोडून बघितलं तर आतला गर पेजेसारखा झालेला आणि वास मारत होता. भेंडीचं थोडं उगवलं पण देठाशी काळं पडून आडवं झालं.
विचारायचं असं की बियाण्यावर आधीच काही करून ते असली ओल सोसेल असं करता येतं का, भिजवून, वाळवून, काही चोळून? कुणीतरी सांगितलं की बी तीनदा भिजवून तीनदा वाळवलं की त्याला पाण्याची सवय होते. खरंय का हे?

गच्चीवरचा_मळा
मलाही हवंय उत्तर. ठाण्यात गच्चीवर कुंड्या आहेत, पावसात कुंडीचं भोक बुजलं की हेच होतं. वाचतोय.

काळी_कसदार
ताई, मी परभणीकडचा, काळी भारी जमीन. ते भिजवून वाळवायचं तंत्र आमच्यासारख्या कोरडवाहूवाल्यांचं आहे, पेरल्यावर पाऊस ताण देईल म्हणून करतात. त्याने बी लवकर उगवतं हे खरं पण पाण्यात बुडून राहायची सवय वगैरे लागत नाही. आमच्याकडे जिथं पाणी थांबतं त्या चिबड पट्ट्यात कुठलंही बी टाका, जातं. म्हणून आम्ही आता सोयाबीनसुद्धा रुंद सरी वरंब्यावरच घेतो, बाजूच्या सरीतनं पाणी निघून जातं.

मृद्गंध_दापोली
ताई, शेतीचं शिक्षण झालंय आणि सध्या रोपवाटिकेत काम करतो, रोज बीच हाताळतो म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी बी मरतं कशाने ते बघू म्हणजे कुठली तयारी कामाची आणि कुठली बिनकामाची ते आपोआप कळेल. बी पाणी पिऊन फुगलं की त्याचा श्वास जोरात सुरू होतो आणि त्याला ऑक्सिजन लागतो. मातीच्या पोकळ्यांत हवा आहे तोवर ठीक. त्या पाण्याने भरल्या की संपलं, कारण ऑक्सिजन हवेतून जितका भराभर सरकतो त्याच्या साधारण १०,००० पट हळू पाण्यातून सरकतो. बियाभोवती जो काही होता तो एक-दोन दिवसांत संपतो आणि वरून नवीन येत नाही. मग बी हवेशिवाय काम भागवायला बघतं, पण ग्लुकोजच्या एका रेणूपासून हवेत तीसेक एटीपी (पेशीच्या ऊर्जेची नाणी म्हणा) मिळतात तिथं फक्त २ मिळतात, वर अल्कोहोल साठत जातं. म्हणजे कोंबासाठी ठेवलेला साठा नुसता जगण्यातच संपतो, पेशींची आवरणं सैल पडतात, साखर बाहेर झिरपते आणि त्या साखरेच्या वासावर पिथियमसारख्या बुरश्या येऊन बसतात. तुम्ही जो गर बघितला तो हाच प्रकार. भेंडी देठाशी काळी पडून आडवी झाली ते रोप कोलमडणं, तेही याच बुरश्यांचं काम.

भाताचं बी पाण्याखाली रुजतं कारण हवा नसतानाही पिठाची साखर करायची सोय त्याच्यात आहे. आपल्या कारली-भेंडी-टोमॅटोत ती नाही. कितीही भिजवा, औषध लावा, कारल्याच्या बियाचं भात होणार नाही. हे स्पष्ट लिहितोय कारण बाजारात अशा नावाने पुड्या विकतात आणि लोक पैसे घालवतात.

मग तयारीचा उपयोग काय, तर वेळ वाचतो. कोरडं कारल्याचं बी जमिनीत आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त पडून राहतं आणि तेवढ्या दिवसांत आपल्याकडे एक तरी झड येणारच. तेच बी मोड डोकावायला लागल्यावर टाकलं तर चार-पाच दिवसांत वर येतं. पान हवेत आलं, मूळ पसरलं की झाडाकडे पुष्कळ उपाय असतात, खोडातून नवी मुळं काढतं, मुळांत हवेच्या नळ्या करतं. बियाकडे यातलं काहीच नसतं. तेव्हा आपल्याला तो जमिनीखालचा काळ जेवढा कमी करता येईल तेवढा करायचा आणि त्या काळात बुरशीपासून राखायचं. बियाची तयारी म्हणजे एवढंच, पण हे एवढं नीट केलं तर फरक डोळ्यांना दिसतो.

कोंडिवलीचा_बाबू
बरोबर. आमच्याकडे धूळवाफेला (कोरड्या मातीतल्या पेरणीला) पाऊस आडवा आला की भाताची रहू करतात, बी भिजवून मोड आणून चिखलावर फेकायचं. भाजीला पण तोच विचार, फक्त चिखलात नको.

परड्यातली_माती
मृद्गंध दादा खूप आभार, आता कुठे कळलं. पण नक्की करायचं कसं ते सांगा ना, किती तास, कुठल्या बियाला किती. मी आतापर्यंत सगळं रात्रभर वाटीत भिजवून सकाळी टाकत होते.

मृद्गंध_दापोली
सगळ्याला एकच नियम लावू नका ताई, तिथेच घात होतो.

कारली आणि पडवळ, यांचं कवच जाड. टोकाच्या बाजूला, जिथून मोड येतो तिथे, कवचाची कड नेलकटरने जराशी मोडायची, आतल्या पांढऱ्या गराला धक्का लागता कामा नये. मग पसरट भांड्यात एकेरी थर राहील असं ठेवून बी बुडेल इतपतच कोमट पाणी, रात्रभर, म्हणजे १२ तासांच्या आसपास. खोल वाटीत ढीग करून भिजवलं की तळच्या बियांना हवाच मिळत नाही, जमिनीत बुडवायचं ते आपण घरातच बुडवतो. जमलं तर मध्ये एकदा पाणी बदला. सकाळी निथळून, सुती फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, इतकं की हातात दाबलं तर थेंब पडू नये, त्यात बी एकेरी पसरून गुंडाळायचं आणि झाकण सैल ठेवलेल्या डब्यात उबेला ठेवायचं. चुलीजवळ, फ्रिजच्या वर, जिथं ऊब असेल तिथं. दुसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघा. टोकाला पांढरा ठिपका दिसला की टाकायचं, मोड लांब व्हायची वाट बघू नका, लांब मोड हाताळताना मोडतो आणि मोडलेला परत येत नाही.

काकडी, दोडकं, दुधी यांना इतकं लागत नाही, चार-सहा तास पाणी आणि मग तेच फडकं. काकडी तर दुसऱ्या दिवशीच मोड दाखवते. भेंडी रात्रभर चालते. धणे आधी लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, मग रात्रभर. टोमॅटो, मिरची, वांगी थेट वाफ्यात टाकूच नका पावसाळ्यात, त्यावर पुढे लिहितो.

आता चवळी, घेवडा, गवार. ही बियाणी पाण्यात बुडवू नका. यांचं साल पातळ, त्यात हाताळताना चिरलेलं असतं. कोरडं बी एकदम पाण्यात पडलं की इतकं भराभर पाणी ओढतं की डाळिंब्यांच्या बाहेरच्या पेशी फुटतात आणि साखर बाहेर येते. पाणी गढूळ, चिकट होतं ना ते हेच. असं बी ओल्या मातीत गेलं म्हणजे बुरशीला आमंत्रणच. कडधान्याला फक्त पिळलेल्या ओल्या फडक्यात सहा-आठ तास, हळूहळू ओल घेऊ द्या, मग टाका. आणि झड चालू असेल तर टाकूच नका.

गच्चीवरचा_मळा
हे चवळीचं मला पहिल्यांदाच कळलं. आमच्याकडे उसळीसाठी भिजवतो तसंच पेरणीसाठी भिजवत होते सगळे.

शिवारमित्र
इतकं सगळं करायची गरज नाही. आमच्या घरी तीन पिढ्या बीजामृत लावतात. २० लिटर पाणी, ५ किलो देशी गाईचं शेण, ५ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम चुना, बांधावरची मूठभर माती. रात्रभर ठेवायचं, सकाळी बियाला चोळून सावलीत वाळवायचं. आमचं बी पाण्यातसुद्धा उगवतं.

काळी_कसदार
शिवारमित्र, जमीन कशी आहे तुमची? उताराची असेल तर कुठलंही बी उगवेल.

शिवारमित्र
मुरमाड आहे, थोडा उतार. पण बीजामृताशिवाय टाकलेल्या बाजूला मर जास्त होती हे मी स्वतः बघितलंय.

मृद्गंध_दापोली
तुमचं निरीक्षण मला पटतं शिवारमित्र. शेण-मातीतले जिवाणू बियावर आधीच जागा धरून बसतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला शिरकाव मिळत नाही, त्यामुळे मर कमी होणं अगदी शक्य आहे. फक्त त्याने हवेची गरज भागत नाही, मुरमाड उतारावर हवा असतेच म्हणून तुमच्याकडे चांगलं दिसतं. ताईंच्या परड्यात नुसत्या बीजामृतावर भागणार नाही.

ट्रायकोडर्माचंही (कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) तसंच. किलोला ५ ग्रॅम हे साधारण प्रमाण, घरच्या मूठभर बियाला चिमूटभर पुरते. गुळाच्या पाण्याचा हात देऊन चोळायचं, सावलीत वाळवायचं. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकत्र लावू नका, ते औषध ट्रायकोडर्मालाच मारतं. आणि राखेत घोळलेल्या बियाला ट्रायकोडर्मा लावण्यात अर्थ नाही, त्याला आंबटसर मानवतं, राख त्याच्या उलट, अल्कधर्मी पडते.

एक महत्त्वाचं राहिलं. पाकिटातलं बी गुलाबी, हिरवं, निळं रंगवलेलं असेल तर ते औषध लावलेलं आहे, बहुतेकदा थायरम किंवा तसंच काही. ते भिजवलं की औषध पाण्यात उतरतं, बी उघडं पडतं. असलं बी भिजवू नका, तसंच टाका, हातमोजे घाला, आणि उरलेलं बी कोंबड्यांपुढे जाणार नाही हे बघा.

परड्यातली_माती
रंगीत बी माझ्याकडे पण आहे, काकडीचं. म्हणजे ते भिजवायचंच नाही? मग ते लवकर कसं उगवणार?

मृद्गंध_दापोली
ते कागदी कपात किंवा प्रो-ट्रेमध्ये (रोपांचा खाचांचा ट्रे) कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून पडवीत रुजवा. पावसाखाली बी नाहीच गेलं तर भिजवायची घाई कशाला. दोन खरी पानं आली की कपासकट उचलून वाफ्यात. वेलवर्गाच्या मुळांना हात लागलेला चालत नाही म्हणून कप फाडून गोळा तसाच ठेवायचा, आणि पंधरा दिवसांच्या पलीकडे कपात ठेवायचं नाही, मूळ गोल फिरायला लागतं.

कृष्णाकाठ
सांगलीहून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात पाणी आठवडाभर उभं होतं. तेव्हा ऊससुद्धा गेला, भाजीचं तर नावच नको. असल्या पाण्यापुढे बियाची कुठलीच तयारी उपयोगाची नाही, आणि तशी आशा कुणी लावून घेऊ नये. पण दोन दिवस साचून तिसऱ्या दिवशी ओसरणारं पाणी असेल तर मृद्गंध म्हणतात त्याने खूप फरक पडतो. आम्ही गादीवाफा आता फूटभर उंच करतो, रुंदी तीन फूट, दोन्हीकडे चर आणि चराचं तोंड ओढ्याकडे. जिथं बी टाकायचं तिथं मुठीएवढा खड्डा करून त्यात कुजलेलं शेणखत आणि जाडी वाळू निम्मी-निम्मी. भारी माती पावसाच्या थेंबांनी वरून लिंपल्यागत बंद होते, त्या वाळूमुळे बियाच्या डोक्यावर तोंड उघडं राहतं. वर भाताचा पेंढा पातळ.

परड्यातली_माती
वाळू-शेणखताचं लगेच करते. आमची माती लाल आहे पण परड्यात खाचराचा गाळ येऊन बसलाय, तीही अशीच लिंपते.

म्हापश्याचो_बागायतदार
गोव्यातून. आमच्याकडे पावसात सात शिरांची भेंडी लावतात, डोंगराच्या उताराला, सपाटीवर कुणी लावत नाही. बी खोल पुरू नका एवढंच माझं सांगणं. उन्हाळ्यात जितकं खोल टाकतो त्याच्या निम्मं. वरच्या बोटभर मातीत हवा सगळ्यात आधी परत येते.

मृद्गंध_दापोली
अगदी. हे मी लिहायला हवं होतं, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

नाशिकची_द्राक्षवेल
टोमॅटोचं सांगणार होतात ना? आमच्याकडे टोमॅटोला दोन दिवस पाणी लागलं की पाणी असूनही झाड सुकल्यासारखं मान टाकतं, पानं खाली वळतात. मला वाटायचं पाणी कमी पडतंय.

मृद्गंध_दापोली
पाणी द्यायला जाऊ नका अजिबात. मुळांना हवा नाही म्हणून मुळं पाणी आत घेणंच बंद करतात, पानांना मिळत नाही, म्हणून झाड पाण्यात उभं राहून सुकतं. पानं खाली वळतात ते इथिलीनमुळे, गुदमरलेली मुळं त्याचा कच्चा माल वर पाठवतात आणि पानात त्याचं इथिलीन होतं.

टोमॅटोला बियाच्या तयारीपेक्षा खुंट (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) बदलणं जास्त खात्रीचं. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने पावसाळी टोमॅटोसाठी वांग्याच्या खुंटावर कलम करायची शिफारस केलीय, ईजी २०३ हा त्यांचा वांग्याचा वाण त्यासाठी ओळखला जातो. वांग्याचं मूळ साचलेल्या पाण्यात टोमॅटोपेक्षा बरेच दिवस तग धरतं, शिवाय जिवाणूजन्य मर रोगालाही आवरतं. आपल्याकडे वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेतही वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं काम झालंय. कारल्यालाही घोसाळं-दोडक्याच्या खुंटावर कलम करून ओल सोसणारं करतात. आता कलमी भाजीरोपं विकणाऱ्या रोपवाटिका आहेत, चौकशी करा, साध्या रोपापेक्षा महाग पडतं पण पावसाळी लागवडीत परवडतं असं माझं मत.

गच्चीवरचा_मळा
हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल पण ऐकलंय, बी त्यात बुडवलं की ऑक्सिजन मिळतो म्हणे?

मृद्गंध_दापोली
त्याचं विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो हे खरं, पण तो तासाभराचा, जमिनीत आठवडाभर पुरणारा नाही. बियाच्या सालीवरची घाण-बुरशी धुवायला पातळ द्रावण ठीक, जास्त तीव्र झालं तर कोंब करपतो. जपानमध्ये भाताच्या बियाला कॅल्शियम पेरॉक्साइडचा लेप देतात, तो ओल्या चिखलात हळूहळू ऑक्सिजन सोडतो, तो विचार बरोबर दिशेचा आहे. भाजीबियाण्याला घरी करावं असं ते नाही.

शिवारमित्र
बी भिजवलं आणि नेमका पाऊस धरला तर? भिजवलेलं वाया?

मृद्गंध_दापोली
चांगला प्रश्न. मोड आलेला असेल तर थांबता येत नाही, कपात पेरून ठेवा. पण मोड यायच्या आधीच परत वाळवता येतं, रोपवाटिकेत आम्ही तेच करतो. भिजवायच्या आधी बियाचं वजन करून लिहून ठेवायचं, ठरलेले तास झाले की निथळून सावलीत, पंख्याखाली, जाळीवर पसरायचं, वजन पुन्हा पहिल्याइतकं झालं की कागदी पाकिटात. आतली तयारी झालेली असते, मग उघडीप मिळाली की टाकायचं, कोरड्या बियापेक्षा लवकर आणि सगळं एकदम उगवतं. फक्त असं बी टिकत नाही, आठ-पंधरा दिवसांत वापरून टाका, पुढच्या वर्षाला ठेवू नका. उन्हात तर मुळीच वाळवू नका.

आणि कुठलं बी तुमच्या वाफ्यात तग धरेल याचा अंदाज घरीच घेता येतो. एकाच पाकिटातली २०-२० बिया घ्या, एक वाटा लगेच ओल्या फडक्यात, दुसरा एक दिवस पाण्यात पूर्ण बुडवून मग फडक्यात, तिसरा दोन दिवस बुडवून. किती उगवतात ते मोजा. दोन वाणांत मोठा फरक दिसतो कधीकधी, जुनं बी तर पहिल्याच दिवशी हात टेकतं. पावसाळ्यात ताजंच बी वापरा असं मी सगळ्यांना सांगतो ते त्यासाठीच.

परड्यातली_माती
मंडळी, कळवते म्हटलं काय झालं ते. वाफा उंच केला, चर काढला, वाळू-शेणखताचे खड्डे केले. कारल्याचं बी टोक मोडून फडक्यात ठेवलं होतं, तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तर ओळीने पांढरे ठिपके, दोन-तीन सोडून सगळ्यांना. टोक खाली करून बोटाच्या पेरापेक्षा कमी खोल टाकलं. त्याच रात्री पावसाने झोडपलं, चर भरून वाहिला पण वाफ्याच्या डोक्यावर पाणी चढलं नाही. आता वेल मांडवाच्या काठीला लागलेत. काकडी कपातली लावली, ती पण सावरली. चवळी फडक्याच्या पद्धतीने टाकली, निम्मीच आली, पण ती टाकली तेव्हा पाऊस चालूच होता, तुम्ही नको म्हणाला होतात तरी जागा मोकळी होती म्हणून टाकली. उघडीप मिळाली की परत टाकते.
आता एक विचारायचंय. खालच्या कोपऱ्यात, जिथं अजूनही पाणी थांबतं, तिथे गावठी भेंडीची चार झाडं जगली आहेत, बाकीची गेली. त्यांचं बी धरून ठेवलं तर पुढच्या वर्षी फायदा होईल का?

मृद्गंध_दापोली
नक्की धरा ताई! गावठी आहे म्हणजे बी धरण्याजोगं आहे, संकरित असतं तर पुढच्या पिढीत वेगवेगळं निघालं असतं. भेंडी बरीचशी स्वतःच्याच परागावर फळते, थोडी मधमाश्या मिसळतात, म्हणून त्या चार झाडांवर दोन-तीन कळ्या उमलायच्या आदल्या संध्याकाळी पातळ कापडाच्या पिशवीत बांधा आणि खूण करा. ती बोंडं झाडावरच वाळू द्या, पण सततच्या पावसात बोंडाला बुरशी यायला लागली तर आधीच काढून पडवीत टांगा. झाडाच्या नशिबाने ती चार जगली की खरंच त्यांच्यात काही आहे हे एका वर्षात कळणार नाही, तेव्हा पुढच्या वर्षी त्याच कोपऱ्यात हे बी आणि विकतचं बी शेजारी-शेजारी लावा. मग पुन्हा त्यातलं जे टिकेल त्याचं बी.

कोंडिवलीचा_बाबू
ताई, बी जास्त झालं तर थोडं माझ्याकडे पाठवा, माझ्या परड्यात पण असलाच एक कोपरा आहे. बदल्यात गावठी तवशाचं (काकडीचं) बी देतो, पावसातलंच आहे.

परड्यातली_माती
नक्की बाबूदादा. बोंडं वाळली की कळवते. पिशव्या आज संध्याकाळीच बांधते, दोन कळ्या उद्या उमलतीलशा दिसताहेत.